चीक, साखर आणि सिल्वासाची हवा

पातेल्यातला चीक पांढरा पातळ आहे तोवर काकू निवांत ढवळतात. कडेला पहिली पारदर्शक रेघ दिसते तशा त्या उठून उभ्या राहतात, दोन्ही हातांनी लाकडी दांडा धरतात आणि तळापासून घोटायला लागतात. आता कुणी त्यांच्याशी बोलायचं नाही. गव्हातल्या स्टार्चचे कण 60 अंशांच्या आसपास पाणी आत घ्यायला लागतात. ते फुगतात, एकमेकांना चिकटतात, आणि मघाशी पळीतून ओघळणारं पाणी बघता बघता दांडा उभा राहील इतकं घट्ट होतं. नेमक्या त्याच वेळी हात थांबला तर गुठळी होते, आणि गुठळीच्या पोटातला चीक मग कितीही शिजवला तरी कच्चा राहतो.

सकाळचं ऊन नुकतंच गच्चीच्या कठड्यावर आलं आहे. सिल्वासातला हा आमलीचा भाग. इमारत तीन मजल्यांची, भाडेकरू बहुतेक सुताच्या कारखान्यांत काम करणारे. रात्रपाळी संपवून आलेले दोघे जिन्यात थांबून वर डोकावतात, वास घेतात आणि झोपायला जातात. खानवेलच्या बाजूचे डोंगर धुरकट आहेत. वैशाखाचे दिवस आहेत, आणि इथे पाऊस जूनच्या मध्याला आला की दोन हजार मिलिमीटरच्या वर कोसळतो. बेगमी करायची ती आत्ताच.

काकू मूळच्या अमळनेरच्या. लग्नानंतर सिल्वासाला आल्या, पण वाळवणं खानदेशातलीच घालतात. गहू तीन दिवस भिजवलेला, रोज पाणी बदललेला. काल तो वाटून, गाळून, चोथा पिळून काढला आणि पाणी रात्रभर स्थिर ठेवलं. पहाटे वरचं आंबूस पाणी हलक्या हाताने ओतून दिलं, तेव्हा तळाशी खडूसारखा घट्ट थर बसला होता. तोच चीक. त्यातून कुरडया होतील, उरलेल्याच्या पापड्या.

“आत्या, माझ्यापुरता आधी काढून दे. मीठ घालू नकोस,” भाची म्हणते. ती अन्नतंत्रज्ञान शिकते आणि सुट्टीत इथे आली आहे. तिने स्टीलची चार ताटं तूप लावून मांडली आहेत आणि पाठीमागे मार्करने खुणा केल्या आहेत. पहिल्यात साधा चीक. दुसऱ्यात कोरड्या चिकाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतकी साखर. तिसऱ्यात चिकाच्या वजनाच्या निम्मी साखर. चौथ्यात साखरेऐवजी तेवढाच गूळ. हा खटाटोप काकूंच्या एका जुन्या प्रश्नासाठी आहे. माहेरी त्यांच्या लहानपणी उरलेल्या चिकात साखर घालून मुलांसाठी गोड पापड्या घालत. त्या कडकडीत वाळत, तोंडात कुरकुरत. इथे मात्र कधीच तशा होत नाहीत. गहू खानदेशातून येतो, साखर तीच, हातही तेच. दोन दिवस उन्हात ठेवल्या तरी वाकतात, दाताला चिकटतात. काकू हे सांगताना अजूनही हिरमुसतात.

भाची साखर घालते ती चीक पुरता शिजल्यावर. आधी घातलेली साखर पाण्याला आपल्याकडे ओढते, स्टार्चला फुगायला पाणी कमी पडतं आणि शिजण्याचं तापमान वर सरकतं. काकूंना हे तापमान ठाऊक नाही. “साखर आधी टाकली तर चीक पांढरटच राहतो, घोटून घोटून हात मोडतात,” एवढंच त्या सांगतात, आणि प्रयोगशाळेतलं निरीक्षणही याहून वेगळं नसतं. साखर पडताच तिसऱ्या ताटातला चीक सैल होतो, चकाकायला लागतो. मुलगी तो उलथन्याने पातळ पसरते. पापुद्रा जितका पातळ तितकं पाण्याला बाहेर यायला कमी अंतर, म्हणून चारही ताटांची जाडी ती पुन्हा पुन्हा तपासते. जाडी सारखी नसेल तर दोष साखरेचा की हाताचा हे कळणार नाही, असं तिचं म्हणणं आहे. मला तिचा हा काटेकोरपणा फार आवडतो.

पलीकडे प्लास्टिकच्या कागदावर काकूंचा खरा कारखाना सुरू झाला आहे. मीठ, हिंग, जिरं घातलेला चीक सोऱ्यात भरला जातो आणि गरम असतानाच कुरडया पडतात. निवलेला चीक सोऱ्यातून उतरत नाही, म्हणून घाई. खालच्या मजल्यावरच्या गुजराती बा खिचियाचं पीठ घेऊन वर आल्या आहेत. त्यांचे तांदळाचे पापड दुसऱ्या कोपऱ्यात. शेजारी एका परडीत नागलीचे पापड आहेत, खानवेलकडून कामाला येणाऱ्या वारली बाईंनी आणलेले. गहू, तांदूळ, नागली, आणि परवाच्या साबुदाण्याच्या चिकवड्या धरल्या तर कसावाचा कंद. 1954 पर्यंत इथे पोर्तुगीज अंमल होता, आणि दक्षिण अमेरिकेतला हा कंद भारतात पोर्तुगीजांबरोबरच आला. एवढी पिकं एका गच्चीवर, आणि सगळ्यांच्या वाळवणात काम करणारी वस्तू एकच, स्टार्च. मात्र भाचीची ताटं सोडली तर एकाही वाळवणात साखर नाही. बांना विचारलं तर त्या लगेच सांगतात, “गोड नाखलं तर सुकत नाही, ने मुंग्या येतात.”

मुंग्या खरोखरच आल्या आहेत. चार ताटांपैकी शेवटच्या दोन ताटांच्याच दिशेने ओळ निघाली आहे. मुलगी ताटं पाण्याच्या परातींत वाट्या पालथ्या घालून त्यांवर ठेवते आणि वर पातळ मलमल बांधते. मलमल चारही ताटांना, नाहीतर वाऱ्याचा फरक पडेल.

दहाच्या सुमाराला काही वेगळं दिसत नाही. चारही ताटं ओली, चारही चमकतात. या टप्प्यात पापुद्र्याच्या पृष्ठभागावर मोकळं पाणी भरपूर असतं आणि ते उडून जाण्याचा वेग ऊन आणि वारा ठरवतात, आत काय आहे याने फारसं बिघडत नाही. बरेच जण इथेच फसतात. पहिले दोन-तीन तास गोड पापडीही छान वाळते आहे असं वाटतं.

अकरानंतर ताटं वेगळी व्हायला लागतात. साध्या ताटाची चमक आधी कडेने जाते. मधला भाग अजून ओलसर, पण कडा धूसर, मग पुन्हा काचेसारख्या स्वच्छ. बाराच्या उन्हात ती कड ताटापासून सुटते आणि वर वळते. शिजलेल्या स्टार्चमधल्या अमायलोजच्या लांब साखळ्या पाणी जाताना एकमेकींजवळ येतात, घट्ट बांधल्या जातात, पापुद्रा आक्रसतो. तुपाच्या पातळ थरावर त्याला धरून ठेवणारं काही नसतं, म्हणून तो उचलला जातो. काकू लांबूनच बघतात आणि म्हणतात, “ती सुटली. आता उलटायला हरकत नाही.” गृहिणींनी वाळवणाची परीक्षा याच खुणेवर बसवली आहे. पापडी स्वतःहून कागद सोडते तेव्हा ती तयार.

दहावा हिस्सा साखरेचं ताट साध्याच्या मागोमाग चालतं. कड जरा उशिरा वळते, एवढंच.

तिसरं ताट मात्र सपाट आहे. कड वळत नाही, तडा जात नाही, आणि दिसायला चारांत सर्वांत देखणं तेच आहे. पारदर्शक, गुळगुळीत, उन्हात झळकणारं. बोट लावलं की वरची साय कोरडी लागते. पण जरा दाबलं की बोटाखाली काहीतरी सरकतं. वरचा थर आधी घट्ट झाला आहे आणि आतलं पाणी त्याच्या मागे अडकलं आहे. साखरेचा प्रत्येक रेणू आपल्याभोवती पाणी धरून असतो. त्या पाण्याला हवेत जायची ओढ कमी असते, म्हणून बाहेरची हवा तीच असली तरी वाळण्याचा जोर घटतो. शिवाय साखर स्टार्चच्या साखळ्यांमध्ये शिरून त्यांना एकमेकींवर घसरू देते. पापुद्रा आक्रसत नाही, ताण येत नाही, कड उचलत नाही. म्हणजे काकूंच्या परीक्षेची खूणच साखर पुसून टाकते. डोळ्यांना वाळलेली दिसणारी वस्तू वाळलेली नसते, आणि माझ्या मते गोड वाळवणांचा सगळा घोळ इथेच होतो. तीच पापडी डब्यात भरली जाते आणि आठवड्यात बुरशी धरते.

“आमच्या लॅबमध्ये याच कामाला ग्लिसरॉल घालतात,” मुलगी सांगते. स्टार्चची खाण्याजोगी फिल्म करायची तर नुसत्या स्टार्चची फिल्म तडकते, म्हणून ग्लिसरॉल किंवा सॉर्बिटॉल घालून ती लवचीक करतात. साखर हाच गुण कमी-अधिक प्रमाणात देते. वेष्टन म्हणून वापरायची फिल्म लवचीकच हवी, तिथे हा गुण मोलाचा. कुरकुरीत पापडीत तोच गुण आड येतो.

चौथं ताट, गुळाचं, या वेळीही उघड चिकट आहे. उसातली साखर एकाच जातीची, पण गुळात तिच्याबरोबर थोडं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असतं. कोरडी साखर न वितळता काचेसारखी घट्ट राहू शकते ती साधारण 60 ते 70 अंशांपर्यंत. ग्लुकोजच्या बाबतीत ही मर्यादा 31 अंशांच्या जवळ येते आणि फ्रुक्टोजच्या बाबतीत 5 अंशांवर. त्यात पाण्याचा थोडासा अंश मिसळला तरी हे आकडे झपाट्याने खाली येतात. वैशाखातल्या गच्चीवर, तेही ओल असताना, गूळ मिसळलेल्या पापडीने कडक व्हावं ही अपेक्षाच चुकीची आहे.

दुपारी जेवणं होतात ती तिथेच, टाकीच्या सावलीत. ताटात चीक आहेच. मुलांना दूध-साखर घालून, मोठ्यांना तेल आणि लाल तिखट घालून. ऊन आता टोकाला आहे आणि मुलीच्या छोट्या यंत्रावर हवेतली आर्द्रता पन्नाशीत उतरली आहे. सकाळी ती सत्तरीच्या वर होती. मुलगी आईला फोन लावते, अमळनेरला. “तिकडे हवा कशी आहे?” पलीकडून उत्तर येतं की दोरीवर टाकलेला ओला टॉवेल अर्ध्या तासात कडक झाला. मे महिन्यातली खानदेशची दुपार पारा चाळिशीच्या बऱ्याच वर नेते आणि हवा इतकी कोरडी असते की ओठ फुटतात. सिल्वासाला दमणचा समुद्र जवळ, दमणगंगा उशाशी. इथे ऊन लागतं, घामही येतो, पण तो वाळत नाही.

काकूंच्या प्रश्नाचं उत्तर या फोनमध्ये आहे, आणि ते मला दिवसभरातलं सर्वांत सुंदर उत्तर वाटतं. साखर सगळीकडे सारखी वागत नाही. कोरड्या हवेत ती स्टार्चपेक्षाही कमी पाणी धरते. आर्द्रता 60-70 टक्क्यांच्या पुढे गेली की मात्र तिची पाण्याची भूक एकदम वाढते आणि ती स्टार्चला कितीतरी मागे टाकते. स्टार्च सावकाश, जवळजवळ एका चालीने ओल घेतो. साखर बराच वेळ गप्प असते आणि मग एकाएकी उसळते. अमळनेरच्या दुपारी गोड पापडीतलं जवळजवळ सगळं पाणी निघून जातं. ती तिथेही उन्हात मऊच असणार, कारण उष्णतेने साखर सैल पडते, पण संध्याकाळी सावलीत आणली की कडक होते. काकूंना ते आठवतं. “हो, रात्री उचलायचो आम्ही. दुपारी हात लावू देत नव्हती आजी.” आजीने ही गोष्ट नेमकी ओळखली होती.

मग डब्यातली दाणेदार साखर इथेही कोरडी कशी राहते, असं बा विचारतात. प्रश्न फार चांगला आहे. दाण्यातली साखर शिस्तीत रचलेली असते आणि हवेत साधारण 85 टक्के आर्द्रता होईपर्यंत ती ओल आत घेत नाही. चिकात विरघळलेली साखर तो दाणा पुन्हा धरू शकत नाही, स्टार्चच्या साखळ्या तिच्या वाटेत येतात. ती विस्कळीत राहते, आणि विस्कळीत साखर खूप आधीपासून ओल ओढते. मिठाचा दाणा तर 75 टक्क्यांच्या पुढेच पाघळतो, म्हणून पावसाळ्यात मिठाची बरणी आधी ओली होते आणि साखरेची नंतर.

त्याच मिठाचा उपयोग मुलीने करून ठेवला आहे. स्वयंपाकघराच्या फळीवर झाकणाची एक काचेची बरणी आहे. तळाशी मीठ आणि थोडं पाणी, मीठ पूर्ण विरघळणार नाही इतकंच. वर जाळीवर आधीच्या चिकाचे वाळवलेले दोन तुकडे, एक साधा, एक गोड. अशा बंद बरणीत आर्द्रता आपोआप 75 टक्क्यांजवळ स्थिर राहते, बाहेर काहीही असो. म्हणजे सिल्वासाची दमट सकाळ दिवसभर बरणीत. ती झाकण काढते. साधा तुकडा मोडताना अजून आवाज करतो, जरा मंद. गोड तुकडा जाळीला चिकटला आहे आणि त्याच्या कडेला ओलीची चकाकी आहे. काकू तो बोटांत धरून वाकवतात, दुमडतात, पुन्हा सरळ करतात. तो मोडत नाही.

आंबापोळीला हेच हवं असतं. कोकणातल्या बायका पोळी मुद्दाम अशीच ठेवतात. पिकताना आंब्यातल्या बहुतेक स्टार्चची साखर झालेली असते, म्हणून पोळीची घडी पडते आणि ती ताटाला चिकटते. ताटाला तूप लावतात, थरावर थर देत कित्येक दिवस वाळवतात, आणि तरी ती कडक व्हावी अशी अपेक्षा कुणी करत नाही. आंध्रातल्या आत्रेयपुरमच्या बायकांनी दुसरी वाट काढली आहे. त्यांच्या पूतरेकुलूचा पापुद्रा तांदळाच्या पातळ खळीचा. पालथ्या तापलेल्या मडक्यावर खळीत बुडवलेलं फडकं फिरवायचं, क्षणात कागदाहून पातळ पापुद्रा सुटतो. खळीत साखर नसते. पापुद्रा पूर्ण कोरडा झाल्यावर त्याच्या घड्यांमध्ये तूप आणि पिठीसाखर किंवा गूळ पडतो. या मिठाईला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. साखर कधी घालायची हे तिथल्या हातांनी फार पूर्वी ठरवून टाकलं, आणि सगळी नजाकत त्या एका निर्णयात आहे.

चार वाजता तेल तापवलं जातं. परवाची साधी पापडी कढईत पडते, फुलते, दुप्पट होते. आत उरलेलं थोडंसं पाणी वाफ होऊन बाहेर धावतं, त्याच क्षणी उष्णतेने स्टार्च मऊ होतो आणि वाफेने ताणला जातो, मग लगेच घट्ट. पांढरी शुभ्र. मागून परवाच्या गोड पापडीचा तुकडा. तो फुलत नाही, तळाशी बसतो आणि काकू झारा पुढे नेईपर्यंत तपकिरी होतो. दुसरा, गुळाचा, काळाच पडतो. साखर करपते, आणि चिकात राहिलेल्या प्रथिनांशी मिळून रंग आणखी वेगाने चढवते. तळणाच्या कुठल्याही वाळवणात साखर का नसते हे बांना आता दाखवायची गरज उरत नाही. त्या आधीच मान हलवत आहेत.

वारा फिरला आहे. यंत्रावरचा आकडा पुन्हा साठीकडे चढतो आहे, आणि इथे पाचनंतर गोड ताट उन्हात ठेवणं म्हणजे दिवसभरात घालवलेलं पाणी परत आत घेणं. मुलगी तिसरं आणि चौथं ताट उचलून खाली नेते. कुरडया उलटून झाल्या आहेत. त्यांच्यावर फडकं टाकून काकू कठड्याला टेकतात आणि निर्णय सांगतात. तिसऱ्या ताटातली फिल्म उद्या तूप लावून घडीत कापायची आणि याच आठवड्यात पोरांना खाऊ म्हणून द्यायची, साठवायची नाही. गुळाचं ताट आज रात्रीच संपवायचं. सिल्वासात चिकात साखर घालायची नाही, तळलेल्या पापडीवर पिठीसाखर भुरभुरायची.

“आणि तुझ्या आजीच्या पापड्या?” मी विचारतो.

काकू फोन मागतात. “वहिनी, या आठवड्यात गहू भिजत घाल. गोड पापड्या तू घाल, तिथेच. रात्री उचलायच्या, दुपारी नाही. आणि पत्र्याच्या डब्यात नको, झाकण घट्ट बसणाऱ्या बरणीत भरून पाठव.”

मुलगी मागून ओरडते, “लहान लहान बरण्या, आई! एक उघडली की त्याच दिवशी संपली पाहिजे.”